फळीवरची कापसाची गाठ: उतरणीवरील घर्षणबल नेमके कसे काढावे?

पांझराकाठ, धुळे

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि घर्षणावरच्या एका उदाहरणावरून आम्हा काका-पुतण्यांचा वाद काही केल्या मिटत नाही. उदाहरण पुस्तकातले नाही, मीच त्याला घातलेले आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यात, हिशेबाचे काम करत असल्यामुळे गाठी ट्रकमध्ये चढवण्याचा प्रकार हंगामभर माझ्या खिडकीसमोरच चालतो.

उदाहरण असे आहे. कापसाची एक गाठ १७० किलोची. ट्रकचा फाळका पाडून त्याच्या तळाला ३ मीटर लांबीची जाड फळी टेकवलेली आहे आणि ट्रकचा तळ जमिनीपासून १.२ मीटर उंच आहे. गाठ फळीच्या मध्यावर नेऊन हमाल दम खायला थांबतात, हात काढून घेतात आणि गाठ जागची हलत नाही. गाठ आणि फळी यांच्यातील घर्षणगुणांक ०.५ धरावा. या स्थितीत फळी गाठीवर किती घर्षणबल लावते?

पुतण्याने वहीत मांडलेले गणित मी जसेच्या तसे देतो. गाठीचे वजन १७० गुणिले ९.८, म्हणजे १६६६ न्यूटन. कोनाचा साइन १.२ भागिले ३, म्हणजे ०.४, आणि कोसाइन ०.९१६५, कोन सुमारे २३.६ अंश. वजनाचा उताराच्या दिशेचा घटक ६६६ न्यूटन, फळीची लंब प्रतिक्रिया १५२७ न्यूटन, आणि घर्षणबल म्हणजे गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, अर्थात ७६३ न्यूटन. इथपर्यंत आकडेमोडीत मला चूक दिसत नाही. पण मग खाली ओढणारे बल ६६६ आणि वर धरणारे बल ७६३, म्हणजे ९७ न्यूटन शिल्लक राहतात, तेही चढाच्या दिशेने. पुतण्याचे म्हणणे, "काका, मग हमालांना मजुरी कशाला देता? गाठ आपण होऊनच ट्रकमध्ये चढेल."

गाठ चढत नाही हे मला माहीत आहे. गणित तसे का सांगते, हे कोणी नीट उलगडून सांगेल काय?

दादरची भाकरी, शिरपूर

आकडेमोड मीही पुन्हा करून पाहिली. ती बरोबर आहे. मला वाटते की दोष ०.५ या गुणांकात असावा. गुणांक ०.४३६ धरला, तर घर्षणबल बरोबर ६६६ न्यूटन येते आणि गाठ स्थिर राहते. म्हणजे खरा गुणांक तेवढाच असला पाहिजे.

गिरणाथडी, चाळीसगाव

शिरपूरकरांनी उत्तर पाहून गुणांक बसवला आहे, आणि त्याने हे एक उदाहरण सुटले तरी पुढचे अडेल. त्याच फळीखाली उद्या थोडा बुटका ट्रक आला आणि तळ १.२ ऐवजी १ मीटरवर असला, तर गाठ तेव्हाही स्थिरच राहील. मग आपण गुणांक पुन्हा बदलणार काय? गाठीचे कापड तेच, फळीचे लाकूड तेच, तर गुणांकही तोच राहायला हवा. गुणांक ०.५ हाच ठेवू या आणि चूक दुसरीकडे शोधू या.

अनेक वर्षे हा विषय शिकवताना माझ्या असे लक्षात आले आहे की विद्यार्थी घर्षणाला वजनासारखे समजतात. वजन हे ठरलेले बल आहे. गाठ कुठेही ठेवा, पृथ्वी तिला १६६६ न्यूटननेच ओढणार. स्थिर वस्तूवरील घर्षण तसे नाही. ते मागणीप्रमाणे पुरवठा करणारे बल आहे. सपाट जमिनीवर गाठ नुसती ठेवलेली असेल आणि तिला कोणी ढकलत नसेल, तर तिच्यावरचे घर्षणबल शून्य असते, गुणांक कितीही मोठा असला तरी. तिला १०० न्यूटनने ढकलले आणि ती हलली नाही, तर घर्षण १०० न्यूटन असते. ३०० न्यूटनने ढकलले, तर ३००. हा पुरवठा कोठवर चालेल याची मर्यादा मात्र आहे, आणि गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया हे सूत्र त्या मर्यादेचे आहे. पुतण्याने काढलेले ७६३ न्यूटन ही फळीची ऐपत झाली. फळी प्रत्यक्षात खर्च करते ती ६६६ न्यूटनच, कारण गाठ जागच्या जागी राहण्यासाठी तेवढ्याचीच गरज आहे.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर ६६६ न्यूटन, फळीला समांतर आणि चढाच्या दिशेने, असे आहे. ते काढताना गुणांकाचा उपयोग एवढाच की ६६६ हा आकडा ७६३ च्या आत आहे, तेव्हा गाठ खरोखरच थांबू शकते, हे तपासून घेता येते.

उदाहरण सोडवण्याचा क्रमही यावरूनच ठरतो, आणि पुष्कळ मार्गदर्शकांत तो उलटा दिलेला असतो याचे मला वाईट वाटते. आधी वस्तू स्थिर आहे असे गृहीत धरावे आणि तिला स्थिर ठेवायला उतारालगत किती बल लागेल ते केवळ समतोलावरून काढावे. मग मर्यादा काढावी. लागणारे बल मर्यादेच्या आत असेल, तर तेच घर्षणबल आणि गणित तेथेच संपले. लागणारे बल मर्यादेबाहेर गेले, तर वस्तू घसरते, आपले पहिले गृहीतक बाद होते, आणि मग घर्षणबल म्हणून गतिक घर्षणगुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया एवढे बल घ्यावे. हा गतिक गुणांक स्थितिक, म्हणजे वस्तू स्थिर असतानाच्या, गुणांकापेक्षा सहसा कमी असतो. सूत्र थेट बरोबरीने वापरायची मुभा दोनच प्रसंगी आहे: वस्तू घसरत असताना, किंवा घसरण्याच्या अगदी बेतात असताना.

लंब प्रतिक्रियेबद्दलही थोडे सांगतो, कारण कोसाइन कोठून आला हे पाठ केलेले असते पण पाहिलेले नसते. गाठ फळीच्या आत रुतत नाही आणि फळीवरून उचललीही जात नाही. म्हणजे फळीला लंब असलेल्या दिशेत बलांचा हिशेब शून्य झाला पाहिजे. वजनाचा त्या दिशेचा भाग वजन गुणिले कोसाइन इतका असतो आणि फळी तेवढाच उलट रेटा देते. फळी आडवी असताना हा रेटा पूर्ण १६६६ न्यूटन असतो, आणि फळी उभी करत नेली की कमी कमी होत जातो. त्याच वेळी उतारालगतचा भाग वाढत जातो. म्हणजे फळीचे वरचे टोक उचलले की गरज वाढते आणि ऐपत घटते, आणि जेथे दोन्ही समान होतात त्या कोनाला गाठ सुटते. तेथे साइन आणि कोसाइन यांचे गुणोत्तर, म्हणजेच कोनाचा टॅन्जंट, स्थितिक घर्षणगुणांकाइतका असतो. वजन दोन्ही बाजूंनी कटते. त्यामुळे गाठ १७० किलोची असो वा गाठ फोडून तिच्याच कापडात गुंडाळलेली ५ किलो रुई असो, घसरण्याचा कोन एकच येतो. विद्यार्थी त्याला 'अँगल ऑफ रिपोज' म्हणतात. आपल्या फळीवर कोनाचा टॅन्जंट ०.४३६ आहे, आणि तो ०.५ पेक्षा कमी आहे, म्हणून गाठ थांबली. एवढ्या एका तुलनेवर हे उदाहरण तोंडी सुटते. शिरपूरकरांना ०.४३६ हा आकडा मिळाला, तो वास्तविक या कोनाचा टॅन्जंट होता.

पांझराकाठ, धुळे

गिरणाथडी सर, मनापासून आभार. पुतण्याने वाचले आणि "मर्यादा म्हणजे उत्तर नाही" असे वहीच्या समासात लिहून ठेवले. आता माझी पुढची शंका. हा ०.५ मी अंदाजाने धरला होता. आमच्या गाठीचा आणि आमच्या फळीचा खरा गुणांक काढायचा असेल, तर त्यासाठी प्रयोगशाळा लागते काय?

वाघूर, जळगाव

प्रयोगशाळा लागत नाही. फळी, टेप आणि घड्याळ पुरते. मी जिनिंगच्या देखभाल विभागात आहे आणि फळ्या बदलायच्या वेळी ही मोजणी करून घेतो, म्हणून पद्धत सविस्तर लिहितो.

फळीचे खालचे टोक भिंतीशी अडवून ठेवावे, नाही तर गाठीऐवजी फळीच सरकते. गाठ फळीवर आडवी ठेवून तिच्या चढाकडच्या कडेला खडूने रेघ मारावी. मग फळीचे वरचे टोक जॅकने सावकाश, धक्का न देता उचलत जावे. खडूची रेघ उघडी पडू लागली की जॅक थांबवून वरच्या टोकाची उंची टेपने मोजावी. ३ मीटरच्या फळीवर ही उंची समजा १.३५ मीटर आली, तर साइन ०.४५, कोसाइन ०.८९३ आणि टॅन्जंट ०.५०४, म्हणजे पांझराकाठ यांचा अंदाज चांगलाच म्हणायचा. मोबाइलमधले कोन मोजायचे अ‍ॅपही चालते, परंतु माझा टेपवर अधिक विश्वास आहे, कारण फळीला पोक आलेला असेल तर मोबाइल जेथे ठेवला तेवढ्याच जागेचा कोन दाखवतो.

एकदा मोजून थांबू नये. गाठीला बांधलेल्या पट्टीची कड फळीच्या फटीत किंवा खिळ्याच्या डोक्यावर अडकली, तर कोन फसवा मोठा येतो. उलट फळीवर सरकीची पेंड किंवा तेल सांडलेले असेल, तर गाठ लवकर सुटते. हंगामाच्या सुरुवातीला नव्या, खरखरीत फळीवर मिळालेला आकडा हंगामाच्या शेवटी राहत नाही, कारण तोवर लाकूड गाठींनी घासून गुळगुळीत झालेले असते. त्यामुळे गुणांक हा 'कापडाचा' किंवा 'लाकडाचा' नसून त्या दिवशीच्या त्या जोडीचा असतो, हे पुतण्याला आवर्जून सांगावे.

गतिक गुणांकासाठी फळी त्याच कोनात ठेवून गाठीला हलकासा धक्का द्यावा आणि ती सुटल्यावर ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागतो ते पाहावे. समजा २ मीटर अंतराला २ सेकंद लागले. विरामापासून निघालेल्या वस्तूचे त्वरण म्हणजे अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, म्हणून येथे त्वरण सेकंदास सेकंदास १ मीटर. घर्षण नसते, तर त्वरण ९.८ गुणिले ०.४५, म्हणजे ४.४१ असते. यातले ३.४१ घर्षणाने खाल्ले. त्याला ९.८ गुणिले ०.८९३, म्हणजे ८.७५, याने भागले की ०.३९ येतात. हा गतिक गुणांक. मात्र एक सूचना: १७० किलोची गाठ सुटली की तिच्यासमोर कोणीही उभे राहू नये. खाली रुईच्या पोत्यांचा ढीग ठेवावा आणि घड्याळ बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे.

जाता जाता एक गोष्ट. १७० किलो हा आकडा अंदाजाने घेतला असे पुतण्याच्या शिक्षकांनी समजू नये. देशातल्या कापूस उत्पादनाची मोजदाद १७० किलोच्या गाठींतच होते. बाजारात रुईचा भाव मात्र खंडीवर सांगतात, आणि खंडी सुमारे ३५६ किलोची, म्हणजे दोन गाठींहून थोडी अधिक.

सातपुडा पायथा, शहादा

वाघूर यांचे दोन्ही गुणांक घेऊन हमालांच्या बाजूने थोडा हिशेब करावासा वाटतो, कारण आतापर्यंत आपण गाठ थांबवण्याचेच बोलत आहोत आणि त्यांना ती चढवायची असते. १.२ मीटर उंचीच्या मूळ फळीवरच राहू.

गाठ वर ढकलताना रेटा ६६६ न्यूटनच्या पुढे गेला की घर्षणाची दिशा उलटते; ते आता उताराच्या दिशेने, वजनाच्या घटकाच्या जोडीला उभे राहते. फळीला समांतर ढकलले, तर गाठ जागची हलवण्यासाठी ६६६ अधिक ७६३, म्हणजे १४२९ न्यूटन लागतात. एकदा हलली की गतिक गुणांक लागू होतो, घर्षण ०.३९ गुणिले १५२७, म्हणजे ५९६ न्यूटनवर येते आणि १२६२ न्यूटन पुरतात. म्हणून अनुभवी मुकादम गाठ मध्येच थांबू देत नाहीत. प्रत्येक थांब्यानंतर सुमारे १६७ न्यूटनचा जादा दंड भरावा लागतो. सरळ उचलायला १६६६ न्यूटन लागले असते, तेव्हा फळीने वाचवले ते फारसे नाही असे वाटेल. पण चार जण गाठीला खालून हात घालून ती छातीपर्यंत सहज उचलू शकत नाहीत, आणि फळीवर मात्र खांदा लावून अंगाच्या भाराने रेटता येते.

याहून महत्त्वाची गोष्ट रेट्याच्या दिशेची आहे. नवखा हमाल फळीला समांतर न रेटता जमिनीला समांतर, म्हणजे आडवा रेटतो. अशा रेट्याचा काही भाग गाठीला फळीवरच दाबतो, लंब प्रतिक्रिया वाढते आणि तिच्याबरोबर घर्षणाची मर्यादाही वाढते. येथे 'लंब प्रतिक्रिया म्हणजे वजन गुणिले कोसाइन' हे पाठ केलेले वाक्य कामाचे नाही. तिच्यात रेटा गुणिले साइन एवढी भर पडते. समीकरण मांडले, तर लागणारा रेटा वजन गुणिले (साइन अधिक गुणांक गुणिले कोसाइन) भागिले (कोसाइन वजा गुणांक गुणिले साइन) असा येतो. आकडे घालू: वर ०.८५८, खाली ०.७१६५, भागाकार १.१९८. म्हणजे जवळपास १९९६ न्यूटन. गाठ सरळ उचलायला लागतील त्यापेक्षाही अधिक!

त्याच समीकरणातला छेद पुन्हा पाहा. कोनाचा टॅन्जंट जर १ भागिले गुणांक इतका, म्हणजे येथे २ झाला, तर छेद शून्य होतो. सुमारे ६३.४ अंशांच्या उतारावर आडवा रेटा कितीही दिला, हत्ती लावला तरी, गाठ वर सरकणार नाही. जेवढे रेटाल तेवढी ती घट्ट बसेल.

उलट, ट्रकमध्ये उभे राहून दोराने ओढताना दोर फळीपासून थोडा वर उचललेला असेल, तर तो गाठीचा काही भार पेलतो आणि घर्षण कमी होते. सर्वांत कमी ताण लागतो तो दोर आणि फळी यांच्यातील कोनाचा टॅन्जंट गुणांकाएवढा असताना, म्हणजे येथे सुमारे २६.६ अंशांना. तेव्हा १४२९ च्या जागी १२७८ न्यूटनमध्ये गाठ हलते. दोर त्याहून वर घेतला, तर पुन्हा ताण वाढतो.

अनेरकाठ, चोपडा

वरील सर्व गणितांत गाठ आडवी आहे असे धरले आहे. घर्षणाची मर्यादा टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रान्समध्ये आमाँताँ याने १६९९ साली मांडले आणि पुढे कुलोम याने १७८१ च्या आपल्या प्रयोगांत मोठ्या प्रमाणावर तपासले. तेव्हा गाठ उभी ठेवली तरी घर्षण तेवढेच, असे कोणी म्हणेल. घर्षण तेवढेच हे खरे. पण उभी गाठ घसरण्याची वाट पाहत नाही, ती आधीच कलंडते.

गाठीचा तळ उताराच्या दिशेने ०.५ मीटर आणि उंची १.०५ मीटर आहे असे समजा. वजनाची रेषा तळाच्या खालच्या कडेबाहेर गेली की गाठ उलटते, आणि ते होते टॅन्जंट ०.५ भागिले १.०५, म्हणजे ०.४७६ झाला की. घसरायला मात्र ०.५ हवा. म्हणून वाघूर यांनी गाठ आडवी ठेवा असे लिहिले ते सोयीसाठी लिहिलेले नाही. उभ्या गाठीवर त्यांचा प्रयोग केला, तर रेघ उघडी पडायच्या आतच गाठ उताराच्या बाजूला उलटून पडेल. उतरणीवरच्या कोणत्याही उदाहरणात 'घसरेल की नाही' याबरोबर 'उलटेल की नाही' हेही विचारावे, आणि पाठ्यपुस्तके हे फार क्वचित विचारतात अशी माझी तक्रार आहे.

दादरची भाकरी, शिरपूर

कोनाच्या टॅन्जंटचा खुलासा पटला. आता आमच्या भागातला एक प्रश्न. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे जाताना बिजासणीचा घाट लागतो, तुमच्याकडे चाळीसगावहून कन्नडला जातानाही घाटच आहे. घाटात ट्रक हँडब्रेक लावून उभा असतो तेव्हा रस्ता त्याच्यावर किती घर्षणबल लावतो? आणि मर्यादा इतकी मोठी असताना क्लीनर खाली उतरून चाकामागे दगड का लावतो?

गिरणाथडी, चाळीसगाव

प्रश्नाचा पहिला भाग गाठीसारखाच आहे. डोंगराळ भागातल्या रस्त्याचा चढ साधारणपणे वीस मीटरला एक मीटर धरतात. १६ टनांचा भरलेला ट्रक घ्या; वजन १,५६,८०० न्यूटन. त्याला थांबवायला त्याच्या विसाव्या भागाएवढे, म्हणजे सुमारे ७,८४० न्यूटन घर्षण लागते आणि रस्ता तेवढेच देतो. कोरड्या डांबरावर रबराचा गुणांक ०.७ धरून सूत्र थेट वापरले, तर मात्र सुमारे १,०९,६०० न्यूटन येतील, म्हणजे खऱ्या उत्तराच्या चौदापट. फळीवर मर्यादा आणि उत्तर यांत ९७ न्यूटनचाच फरक होता, म्हणून चूक झाकली जात होती; घाटात ती उघडी पडते.

दुसरा भाग अधिक रोचक आहे. चाक असलेली वस्तू उतारावर टायर घसरून खाली येत नाही, ती गडगडत येते. टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण कितीही मोठे असले, तरी चाक फिरायला मोकळे असेल, तर ते त्याला अडवत नाही. चाक फिरू नये म्हणून ब्रेक-लायनर आणि ड्रम यांच्यात घर्षण हवे, आणि त्याची मर्यादा लायनरची झीज, तापलेला ड्रम आणि ब्रेक किती ओढला आहे यांवर ठरते. शिवाय हँडब्रेक सर्व चाकांना लागत नाही; ज्या चाकांना तो लागतो, तेवढ्यांवरच्या भाराचीच मर्यादा हिशेबात धरायची. म्हणजे येथे घर्षणाच्या दोन जागा एकापाठोपाठ आहेत आणि ट्रक थांबणे दोघींपैकी कमकुवत जागेवर अवलंबून आहे. क्लीनरला रस्त्याच्या घर्षणाची शंका नसते, ब्रेकच्या घर्षणाची असते, आणि दगड त्या दुसऱ्या जागेला वळसा घालून चाक थेट अडवतो. पावसाळ्यात घाटात माती वाहून आलेली असली, तर पहिलीही जागा कच्ची पडते, आणि मग ब्रेक घट्ट असूनही ट्रक चाके न फिरता सरकतो.

पांझराकाठ, धुळे

शेवटचा एक प्रश्न पुतण्याचा, त्याच्याच भाषेत: "हमालांनी गाठीला वरच्या दिशेने जोरात ढकलून सोडून दिले, तर ती थोडी वर जाऊन थांबेल. मग ती परत खाली येईल का? आणि या सगळ्या वेळात घर्षण किती?" आकडे वरचेच, सोडतानाचा वेग सेकंदाला २ मीटर.

वाघूर, जळगाव

प्रश्न फार चांगला आहे. स्थितिक आणि गतिक दोन्ही गुणांक लागतील असा एकच प्रसंग त्याने शोधून काढला. गिरणाथडी सरांनीच उत्तर द्यावे.

गिरणाथडी, चाळीसगाव

गाठ वर जात असताना ती घसरत आहे, म्हणून गतिक गुणांक लागू, आणि घर्षण गतीच्या विरुद्ध, म्हणजे उताराच्या दिशेने, ५९६ न्यूटन. वजनाचा घटकही त्याच दिशेने ६६६ न्यूटन. एकूण १२६२ न्यूटन गाठीला मंद करतात, आणि १७० ने भागले की मंदन सेकंदास सेकंदास ७.४२ मीटर येते. वेगाचा वर्ग ४, भागिले मंदनाची दुप्पट १४.८४, म्हणजे गाठ जेमतेम २७ सेंटिमीटर वर जाऊन थांबते. त्याला लागणारा वेळ २ भागिले ७.४२, म्हणजे सुमारे ०.२७ सेकंद.

थांबल्याबरोबर प्रश्न नव्याने विचारायचा: आता ही स्थिर राहू शकते काय? लागणारे बल ६६६, मर्यादा ७६३, राहू शकते. म्हणून गाठ परत येत नाही. फळीचे वरचे टोक १.३५ मीटरच्या वर असते, तर मर्यादा ओलांडली गेली असती आणि गाठ गतिक घर्षण सोसत खाली आली असती.

घर्षणाचा आलेख काढायला पुतण्याला सांगा. चढाची दिशा धन धरावी. पहिल्या ०.२७ सेकंदांत घर्षण उणे ५९६ न्यूटनवर सपाट रेघ आहे. गाठ थांबते त्या क्षणी ती रेघ तुटते आणि पुढे अधिक ६६६ न्यूटनवर सपाट चालू राहते. ७६३ हा आकडा या आलेखावर कोठेही येत नाही. दोन्ही रेघा तिरक्या ओळीने जोडू नयेत. बरेच विद्यार्थी जोडतात आणि तेथे गुण जातात.

पांझराकाठ, धुळे

आलेख काढून झाला. रेघा त्याने जोडल्या नाहीत. आता फळीऐवजी गाठीखाली लोखंडी पाइपाचे रूळ टाकले तर काय होईल असे विचारतो आहे. त्यासाठी मी वेगळा धागा काढतो.